जुना बिडाचा ब्लॉक ६० थाऊ बोअर करता येईल का, हे आधी कसं ओळखायचं?

तुमच्याकडे जुन्या गाडीचा बिडाचा ब्लॉक आहे, सिलिंडर झिजलेत आणि ‘या मॉडेलला ६० थाऊ आरामात जातं’ असं कुणीतरी छातीठोकपणे सांगितलंय. म्हणजे सिलिंडर आतून कापून ६० थाऊने रुंद करायचा, यालाच बोअर करणं म्हणतात; एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्यांच्या ब्लॉकला गेलंही असेल. पण तेवढ्यावर तुमचा ब्लॉक कापायला देऊ नका. एकाच मॉडेलचे, एकाच साली ओतलेले दोन ब्लॉक आतून सारखे नसतात.

ओतकामात सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी वाळूच्या गाभ्यामुळे तयार होते. ओतताना हा गाभा किंचित जरी सरकला, तरी सिलिंडरची एक भिंत जाड होते आणि समोरची पातळ. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. त्यात इतकी वर्षं पाण्याच्या बाजूने गंजानेही लोखंड खाल्लेलं असतं.

आधी पिस्टनचा माथा खरवडून त्यावरचा आकडा वाचा. तिथे ३० किंवा ४० (थाऊ) असेल तर हा ब्लॉक एकदा बोअर झालेला आहे. मग ब्लॉक पूर्ण उघडा करून वॉटर जॅकेटमधला, म्हणजे त्या पाण्याच्या पोकळीतला, गाळ काढून घ्या आणि चुंबकीय तपासणीत तडे शोधा. तडा निघाला तर तो दुरुस्त होणार की नाही हे ठरेपर्यंत जाडी मोजण्यात अर्थ नाही.

जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजतात; ते आवाजाच्या लहरीला भिंतीतून जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून जाडी काढतं. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. पोलादात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर असतो. बिडात तो बराच कमी असतो, शिवाय प्रत्येक ओतकामात थोडा वेगळा. गेज पोलादावर लावलेलं राहिलं तर ३ मिलिमीटरची भिंत ते पावणेचारच्या आसपास दाखवू शकतं. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला. म्हणून त्याच ब्लॉकचा एखादा उघडा काठ मायक्रोमीटरने मोजायचा, गेज तिथे धरून आकडा जुळवायचा आणि मगच सिलिंडरमध्ये उतरायचं.

प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, चारही दिशांनी मोजा. म्हणजे एका सिलिंडरचे १२ आकडे झाले. मी एक सहा सिलिंडरचा ब्लॉक मोजत होतो. पाचव्या सिलिंडरमध्ये जेल लावून प्रोब (गेजचं मोजायचं टोक) हळूहळू फिरवला, तर ४.६, ४.४, ३.९ मिलिमीटर असं उतरत उतरत एका जागी ३.१ आलं. त्या पट्ट्याबाहेर कुठेही ४ च्या खाली आकडा नव्हता. सरासरी काढली असती तर ब्लॉक उत्तम ठरला असता. मी तो फक्त २० थाऊवर थांबवला.

पातळ जागा कोणत्या बाजूला आहे हेही बघा. इंजिन समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, तर पॉवर स्ट्रोकमध्ये पिस्टन डावीकडच्या भिंतीवर रेटला जातो. जाडी तिथेच सगळ्यात जास्त लागते. साध्या वापराच्या इंजिनात बोअर झाल्यावर या बाजूला साधारण १२० थाऊ आणि इतरत्र १०० थाऊ, म्हणजे अडीच मिलिमीटर, उरावेत असं मी धरतो. त्याहून पातळ भिंत दाबाखाली हलते, रिंग नीट बसत नाहीत, इंजिन तापतं आणि शेवटी भिंत फुटून पाणी ऑइलमध्ये उतरतं.

हिशोब सोपा आहे. ६० थाऊ बोअर म्हणजे भिंतीतून ३० थाऊ जाणार. पण झीज सगळीकडे सारखी नसते आणि बोअर मूळ केंद्रावर धरला, तर कमी झिजलेल्या बाजूचं लोखंड जास्त कापलं जातं. तेवढी सूट हिशोबात ठेवा.

एवढं करून मिळतं किती? ४ इंचाचा बोअर ६० थाऊ वाढवला तर क्षमता जेमतेम ३ टक्के वाढते. गाडी चालवताना ते जाणवणारही नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: झीज आणि ओरखडे जातील तेवढंच कापा, पुढच्या वेळेसाठी लोखंड शिल्लक ठेवा. एकच सिलिंडर पातळ निघाला तर त्याला स्लीव्ह (आतून बसवायची नळी) बसवून मूळ मापावर आणता येतं, त्यासाठी आख्खा ब्लॉक टाकून देऊ नका.

पिस्टन आधी हातात घ्या, मगच बोअरिंगला द्या. होनिंग, म्हणजे बोअरिंगनंतरची शेवटची बारीक घासाई, त्या पिस्टनच्या मापानेच व्हायला हवं. आणि बोअरिंगनंतर जॅकेटची प्रेशर टेस्ट करून घ्याच. गंजाचा खोल खड्डा टाचणीच्या डोक्याएवढाही असू शकतो, तो प्रोबखाली आलाच नसेल तर इथे पकडला जातो.