आमच्या गावच्या पठारावर पवनऊर्जा प्रकल्प प्रस्तावित आहे. त्याचा गावाला आणि पर्यावरणाला खरोखर फायदा होतो का?

होय, फायदा होतो. मात्र त्यातला गावाच्या वाट्याला किती येईल, हे जमिनीच्या करारावर ठरते. पवनचक्कीला कोळसा जाळावा लागत नाही, औष्णिक केंद्रासारखे पाणीही लागत नाही, आणि दोन चक्क्यांमधली बरीचशी जमीन शेती व चराईसाठी मोकळी राहते, म्हणून दुष्काळी भागात हा पर्याय मला विशेष मोलाचा वाटतो. भाडेपट्टा, ग्रामपंचायतीचा कर आणि रस्त्यांची देखभाल ग्रामसभेत आधीच लेखी ठरवून घ्यावी. खडकाळ पठार ओसाड मात्र समजू नये: सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी पठारावरील, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी बरेच कमी आणि सरडे अधिक आढळले, त्यामुळे जागा निश्चित करण्यापूर्वी पक्ष्यांची पाहणी व्हायलाच हवी.