तीन विषय राहिलेत, तरी अर्ज करू का?

काही वर्षांपूर्वी ऑगस्टच्या शेवटी न्यू जर्सीतली एक मुलगी आईला घेऊन प्रवेशाबद्दल सल्ला विचारायला माझ्याकडे आली. अमेरिकेत प्राण्यांचं डॉक्टर व्हायचं तर आधी कॉलेजात ठरावीक विषय पुरे करावे लागतात, मग चार वर्षांचा डीव्हीएम, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकीचा अभ्यासक्रम. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष सुरू होत होतं आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा दुसरा भाग, बायोकेमिस्ट्री आणि फिजिक्सचा दुसरा भाग राहिला होता. अर्जाची मुदत सप्टेंबरच्या मध्यापर्यंत.

"ताई, अर्धवट अभ्यासावर अर्ज म्हणजे लबाडीच की!" आई बसता बसता म्हणाल्या. मुलगी गप्प. मनगटावर मांजराच्या नखांचे ताजे ओरखडे होते. बेवारस प्राण्यांच्या शेल्टरमधली सकाळची पाळी आटोपून ती तशीच आली होती.

हा प्रश्न माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतो. बहुतेक कॉलेजांचे अर्ज व्हीएमकॅस या एकाच पोर्टलवरून जातात आणि तिथे चालू असलेले आणि पुढे घ्यायचे विषय नोंदवायची सोयच आहे. मी आईंना म्हटलं, "काकू, लपवायचं काही नाही. कुठला विषय कुठल्या सत्रात घेणार, हे उघड लिहायचं. प्रवेश मिळाला तरी विषय पुरे करण्याच्या अटीवरच मिळतो."

मग मुलीपुढे कोरा कागद ठेवला. तिने भराभरा लिहिलं: फॉलमध्ये, म्हणजे डिसेंबरपर्यंतच्या सत्रात, ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री, जानेवारीनंतरच्या स्प्रिंगमध्ये फिजिक्स.

"ऑरगॅनिक पुरं झाल्याशिवाय बायोकेमिस्ट्रीला बसू देतात का तुमच्याकडे?"

पेन्सिल थांबली. नव्हते देत. बायोकेमिस्ट्री खोडून स्प्रिंगमध्ये गेली, फिजिक्सच्या शेजारी. किती विषय राहिलेत हे सगळे मोजतात. कुठला विषय कशावर अडलाय हे फार थोडे बघतात. त्याच वर्षी एका मुलाला मी थांबायला सांगितलं होतं. ऑरगॅनिकचे दोन्ही भाग, बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, फिजिक्स, सगळंच बाकी, आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत ती साखळी पुरी होणं शक्य नव्हतं. तो रागावून गेला. आजही मी त्याला तेच सांगेन.

या मुलीचं ऑरगॅनिक इतकं मागे का पडलं, हे विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. दुसऱ्या वर्षी वडिलांचं ऑपरेशन झालं, तिने विषय मध्येच सोडला आणि ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, विषय सोडल्याची खूण म्हणून 'डब्ल्यू' आला. राहिलेल्या विषयांपेक्षा त्या एका अक्षराची तिला लाज वाटत होती. आईंना तर ते ठाऊकच नव्हतं. त्या तिच्याकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, मला सांगायचंस ना." त्या दिवशी आम्ही अर्जाचं पुढे काही केलं नाही.

पुढच्या भेटीत तिने खुलाशाच्या जागी चार ओळी लिहिल्या: काय झालं, कधी झालं, त्यानंतर विषय पुन्हा कधी घेतला. रडगाणं नाही की माफीनामा नाही.

मग कॉलेजांची यादी. तेव्हा न्यू जर्सीत व्हेटर्नरी कॉलेज नव्हतं. रोवन विद्यापीठाचं 2025 मध्ये सुरू झालं. म्हणजे तिच्या यादीतली नऊच्या नऊ कॉलेजं परराज्यातली. सरकारी कॉलेजात परराज्यातल्यांना सहसा फी जास्त आणि जागांसाठी चुरस, त्यामुळे यादीतलं एकेक नाव खोडताना जिवावर येतं. पण राहिलेले विषय कधीपर्यंत पुरे हवेत, हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. तिचं वेळापत्रक बसेना तिथली दोन नावं खोडली. एका कॉलेजचा नियम मला नीट उलगडेना. "मला नको, मैत्रिणींनाही नको, प्रवेश कार्यालयालाच ईमेल कर, आणि उत्तर जपून ठेव," एवढंच सांगितलं.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. एका कॉलेजात अटीवर प्रवेश मिळाला होता, पण बायोकेमिस्ट्री आणि फिजिक्सची लॅब एकदम झेपत नव्हती. "फिजिक्स समरमध्ये ढकलू का? कुणाला कळणार आहे?"

"अट त्यांनी घातलीय, तर बदलायची परवानगीही त्यांच्याकडेच माग. आधी ईमेल, मग ड्रॉप."

तिने कळवलं, त्यांनी जुलैअखेरपर्यंत मुदत दिली. जूनमध्ये ती सकाळी फिजिक्सला आणि दुपारी शेल्टरला जात होती. डबा आई करून देत होत्या.