जुना कॅम्पर ट्रेलर घेताय? आधी खाली वाका

तंबू, ओटा, दिवे हे सगळं नंतर. ऑस्ट्रेलियात गाडीमागे ओढायचा, तंबूचा जुना ऑफ-रोड ट्रेलर बघायला गेलात की चटई टाकून आधी त्याच्या खाली शिरा. पाटे (लीफ स्प्रिंग), ते चासीला धरून ठेवणारे हँगर आणि चासीचे वेल्डिंगचे जोड टॉर्च मारून बघा. रंगातून गंजाची बारीक रेघ डोकावत असेल तर तिथे चीर असू शकते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सुमारे ६६० किलोमीटरच्या कच्च्या गिब रिव्हर रोडवर, त्या लाटालाटांच्या मातीत, ती उघडायला वेळ लागत नाही.

पहिला पैसा चाकांच्या बेअरिंगवर घाला. सीलही नवीनच. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंग त्यात दाबत राहायचं, रोलरच्या फटींतून ते पलीकडे येईपर्यंत. मी एकदा हे काम पुढे ढकललं, हब (चाकाचा मधला, बेअरिंग बसतं तो भाग) तापून चाक जाम झालं आणि मुलांसह रात्र रस्त्याकडेला काढावी लागली. आता पहिल्या तीसेक किलोमीटरनंतर थांबून हबजवळ हात नेतोच.

कॅनव्हास बदलायची घाई नको. साधं पाणी, मऊ ब्रश, कडक ऊन. साबण अजिबात नको. पूर्ण वाळल्यावरच वॉटरप्रूफिंग मारा.

वायरिंग मात्र जाड तारेचं करा, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. फ्रिज पुढच्या वर्षी घ्या. पहिली सहल बर्फाच्या पेटीवर छान होते.