‘लेग डे’ आणि धावणं एकाच दिवशी? मी ‘हो’ म्हटलं

“मॅडम, धावलो की कमावलेलं सगळं जळतं, आणि लेग डे केला की दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत. दोन्हीतलं काय सोडू ते तेवढं सांगा.”

हा फोंड्याचा. वय ३६, नोकरी पणजीत, डिसेंबरात चिखलीला होणाऱ्या रिव्हर मॅरेथॉनमध्ये २१ किलोमीटर धावायचे बेत. ‘वजनं आणि धावणं एकाच दिवशी केलं तर चालेल का?’ असं विचारणारे माझ्याकडे पुष्कळ येतात. हा विचारायला आलाच नव्हता. एकाच दिवशी कधीच करायचं नाही हे त्याचं ठरलेलं होतं, आणि त्याप्रमाणे अख्खा आठवडा वहीत मांडून आणला होता.

सोमवारी स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उठाबशा), मंगळवारी वेगाचे इंटरव्हल (थोडं जोरात धावायचं, थोडं दम घ्यायचा, पुन्हा जोरात), बुधवारी छाती-पाठ, गुरुवारी डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं, यातही पाय लागतात), शुक्रवारी टेम्पो (न थांबता बऱ्यापैकी वेगात धावणं), शनिवारी खांदे-हात, रविवारी पहाटे मिरामार ते दोनापावल अशा फेऱ्या मारत लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यांत लांब धाव. वही बघताना मी पायांचे दिवस मोजले. सातांपैकी पाच! उरलेले दोन आदल्या दिवशीचं दुखणं निस्तरण्यात जात होते. तरी तो म्हणे, “मी तर सगळं वेगवेगळं ठेवलंय.”

नडगी दुखते असंही तो ओझरतं बोलला. त्यावर मी आधी हाडांच्या डॉक्टरांकडे धाडलं. नडगीवर बोट दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल तर हाडाला तडा जाण्याची ती सुरुवात असू शकते, तिथे वेळापत्रक बदलून भागत नाही. सुदैवाने तसं काही निघालं नाही.

मग भीतीकडे वळलो. जिममधले मित्र सांगायचे, धावणं स्नायू खातं. सकाळी धावणारी मंडळी सांगायची, वजनांनी अंग जड होतं. हा दोन्ही टोळ्यांतला, त्यामुळे दोन्हीकडे चोरासारखा वावरायचा. दर रविवारी टेपने दंड मोजायचा. (बायकोने टेप लपवून ठेवली होती, हे मला नंतर कळलं.) कुठल्याशा व्हिडिओत त्याने एएमपीके आणि एमटॉर ही नावं ऐकली होती. पहिलं पेशीतली ऊर्जा कमी पडल्याची वर्दी देतं, दुसरं स्नायू बांधायचं काम चालवतं, आणि पहिलं जागं झालं की दुसरं दबतं. हे खोटं नाही. पण ती वर्दी काही तासांत ओसरते, शिवाय मधे नीट जेवलं तर बांधकाम पुन्हा सुरू होतं, हे व्हिडिओवाल्याने सांगितलं नव्हतं.

या भीतीचं मूळ बरंचसं १९८० सालच्या एका अभ्यासात आहे. रॉबर्ट हिक्सन नावाच्या अमेरिकी संशोधकाने काही जणांकडून १० आठवडे दोन्ही करून घेतलं. ताकद सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थांबली, शेवटी उतरू लागली. लोक इथवरच सांगतात. त्या माणसांनी आठवड्याला ५ दिवस पायांचा जड व्यायाम आणि त्यावर ६ दिवस दमछाक करणारी सायकल किंवा धाव केली होती, हे कोणी सांगत नाही. नोकरी करून, बसने ये-जा करून व्यायाम करणाऱ्याला एवढं जमणारच नाही. नंतरच्या अभ्यासांतही दिसतं ते असं, की माफक प्रमाणात दोन्ही केलं तर स्नायूंची वाढ फारशी अडत नाही. थोडी झळ बसते ती उडी, झेप अशा झटक्याच्या ताकदीला.

मी त्याला विचारलं, “डिसेंबरपर्यंत काय आधी?” बराच वेळ गेला. “धावणं,” तो म्हणाला, आणि लगेच, “पण दंड उतरता कामा नयेत.”

तर मंगळवारी पहाटे इंटरव्हल आणि त्याच संध्याकाळी स्क्वॉट. शुक्रवारी पहाटे टेम्पो, संध्याकाळी डेडलिफ्ट, पण निम्मे सेट, कारण रविवार जवळ असतो. लाँग रन रविवारीच. व्यायाम जवळपास तेवढाच राहिला आणि पायांना दोनाऐवजी चार दिवस मोकळे मिळाले. धावणं पहाटे ठेवलं ते ताज्या पायांसाठी, आणि गोव्याच्या दमट हवेत उशिरा धावलं तर घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, अंग थंड होत नाही म्हणूनही. दोन्हींत निदान ६ तासांचं अंतर हवं. त्याला ऑफिसमुळे ते आयतंच मिळालं.

खरी गडबड खाण्यात होती. धावून आल्यावर तो चहा पिऊन बस पकडायचा. पेज आणि लोणचं घे म्हटलं, त्यात पाणी, मीठ, पिष्ट सगळं आलं. पण प्रथिनं नाहीत, म्हणून सोबत दोन अंडी. दुपारी शीत-कडी आणि मासळी हवीच. जिमआधी पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) आणि केळं. हे सुरू केल्यावर ‘संध्याकाळी हात थरथरतात’ ही तक्रार गेली.

ज्यांच्याकडे दिवसातला एकच तास आहे, त्यांनी जे महत्त्वाचं ते आधी करावं. जड स्क्वॉटनंतर लगेच वेगात धावू नये, थकल्या पायांनी पाऊल वेडंवाकडं पडतं. तिथे वीसेक मिनिटं रमतगमत धावणं पुरे. नाहीतर धावण्याच्या दिवशी फक्त वरच्या अंगाचा व्यायाम घ्यावा.

दोन महिन्यांनी तो आला तेव्हा इंटरव्हलचा वेग सुधारला होता आणि स्क्वॉट होता तिथेच होता. त्याला हे दुसरं खटकलं. मी सांगितलं, वजन तेवढंच ठेवून आठवड्यातून एकदा उचललं तरी ताकद बरेच आठवडे टिकते, वाढवायची ती जानेवारीत. शर्यतीआधीच्या शेवटच्या आठवड्यात पायांची वजनं पूर्ण बंद ठेवायला तो कसाबसा तयार झाला. शनिवारचे दंड मात्र सोडेना. मीही आग्रह धरला नाही.