नोटेवरची शून्ये आणि नोटेचे मोल

प्रश्न : अतिमहागाईच्या काळातील नोटा जमवण्याचा छंद मला अलीकडेच लागला आहे. माझ्याकडे झिम्बाब्वेची शंभर ट्रिलियन डॉलरची आणि जर्मनीची एक हजार मार्कची, तांबडा छाप मारलेली नोट आहे. शून्ये जितकी अधिक तितकी नोट मौल्यवान असते का? आणि छाप मारलेली नोट खराब समजावी का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. झिम्बाब्वेच्या नोटेवर एकावर चौदा शून्ये आहेत, म्हणजे आपल्या हिशेबाने एक कोटी कोटी. नेमके हेच मूल्य जर्मनीच्या १५ फेब्रुवारी १९२४ या तारखेच्या नोटेवर आहे. मात्र तिथे ते ‘शंभर बिलियोन’ असे लिहिले आहे, कारण जर्मन बिलियोन म्हणजे दहा लाख वेळा दहा लाख. (कॅटलॉग वाचताना भले भले इथेच फसतात.) शून्ये सारखी असूनही यातली जर्मन नोट अत्यंत दुर्मीळ आहे, कारण नोव्हेंबर १९२३ मध्येच रेंटनमार्क हे नवे चलन आले होते आणि इतक्या मोठ्या कागदी मार्कची गरज जवळजवळ संपली होती. याउलट, २००९च्या जानेवारीत चलनात आलेली झिम्बाब्वेची नोट मुबलक उरली. २०१५ मध्ये ते चलन रद्द करताना सरकारने तिच्या बदल्यात अवघे चाळीस अमेरिकी सेंट देऊ केले, तेव्हाही संग्राहक तिला त्याच्या कितीतरी पट किंमत देत होते. हंगेरीत तर १९४६ मध्ये वीस शून्यांची नोट चलनात आली, पण ती सगळी शून्ये नोटेवर छापलेली नाहीत. मूल्य शब्दांत दिले आहे.

तुमच्या हजार मार्कच्या नोटेवरील छाप नीट वाचून पाहा. त्यात ‘आइनं मिलियार्डं मार्क’, म्हणजे एक अब्ज मार्क, असे शब्द असतील. डिसेंबर १९२२ची तारीख असलेल्या या नोटा १९२३ मध्ये कुचकामी ठरल्या, तेव्हा नव्या छपाईत वेळ न दवडता त्यांच्यावरच नवे मूल्य छापण्यात आले. त्यामुळे तो छाप डाग नसून त्या नोटेचा खरा इतिहास आहे, आणि माझ्या मते तुमच्या दोन नोटांपैकी अधिक बोलकी हीच आहे.

नोटा इस्त्री करू नका, लॅमिनेटही करू नका. पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात ठेवा. झिम्बाब्वेच्या नोटेची सोनेरी, चकचकीत प्लॅस्टिकची आवृत्ती कुणी दाखवलीच, तर ती निव्वळ शोभेची वस्तू आहे. खरी नोट कागदाची असून उजेडापुढे धरली की तिच्यात झिम्बाब्वेच्या राष्ट्रीय चिन्हातील पक्ष्याचे जलचिन्ह दिसते.