दुखत नाही म्हणून थांबलोय!

परत तेच. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विचारलंय, जखमेवर काय लावू? अहो, जखम वरून लावलेल्या मलमाने भरत नाही, आतल्या रक्ताने भरते. मलम फक्त झाकण ठेवतं.

प्रश्न: सायकलवरून पडलो, गुडघा सोलवटला. दुसऱ्या दिवशी सूज आणि लाली आली. अँटिबायोटिक सुरू करू का?

स्वतःच्या मनाने नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांची सूज म्हणजे बहुतेक वेळा काम सुरू झालंय एवढंच. रक्तवाहिनीला आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, एंडोथेलियम. लोकांना वाटतं पाइपला आतून रंग दिलाय तसं काहीतरी, पण ते अस्तर राखणदार आहे. जंतू आले किंवा आजूबाजूच्या पेशी फुटल्या की त्याचा निरोप या अस्तराच्या पेशींना थेट कळतो, त्या स्वतःच्या अंगावर चिकट रेणू काढतात, मग रक्तातून चाललेल्या पांढऱ्या पेशी तिथे अडखळतात, घरंगळतात आणि फटीतून जखमेत उतरतात. त्याच फटींतून पाणी झिरपतं, ती तुमची सूज. (निरोप ओळखणाऱ्या टोल रिसेप्टरचा माग आधी फळमाशीत लागला, मग उंदरात, आणि त्यासाठी हॉफमन आणि बॉयटलर या शास्त्रज्ञांना २०११ चं नोबेल मिळालं.) तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढतेय, लाली पसरतेय, पू किंवा ताप आहे, तर डॉक्टर गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते मात्र आजच बघा.

प्रश्न: जखम लवकर भरायला इम्युनिटी वाढवणारी पावडर घेऊ का?

नको. घेतलीच असेल तर डबा घेऊन डॉक्टरांकडे जा, आत काय आहे ते त्यांना बघू दे.

प्रश्न: वडील ६६, शुगर १८ वर्षं. अंगठ्याखाली कुरूप होतं, मेडिकलवाल्याने कॉर्न कॅप दिली. आता तिथे खड्डा पडलाय, तीन आठवडे झाले. दुखत नाही म्हणून थांबलोय. शेजारचे काका गरम पाण्यात पाय बुडवायला सांगतात.

दुखत नाही हीच तर वाईट बातमी आहे! शुगरने नसा बधिर झाल्यात म्हणून दुखत नाही. कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं, ते कातडी जाळतं, आणि ज्याला चटका कळत नाही त्याच्या पायावर ते लावायला दिलं. आता काकांना गरम पाण्याने पोळवायचंय. काकांना नमस्कार सांगा आणि बादली उचलून ठेवा.

आत काय होतं ते नीट समजून घ्या. शुगर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की ते अस्तर कायमच धुमसत राहतं, विनाकारण. वाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो. सफाईला आलेल्या मॅक्रोफेज पेशींनी काही दिवसांनी झाडू ठेवून बांधकामाला लागायचं असतं, त्या झाडतच बसतात, नवीन बारीक वाहिन्या धड फुटत नाहीत आणि जखम आहे तिथेच अडकते. त्यात गुडघ्याखालच्या मोठ्या वाहिन्या बंद होत आलेल्या असतील तर मग काय भरणार?

आणि "एबीआय नॉर्मल आलाय" म्हणून निवांत बसू नका. घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं, ०.९ च्या खाली आलं तर वाहिनी अरुंद, हे खरं, पण शुगरवाल्यांच्या वाहिन्यांत कॅल्शियम बसून त्या कडक होतात, आणि आकडा खोटाच चांगला दिसतो. म्हणून पायाच्या बोटांचं प्रेशर आणि डॉपलर (रक्त किती वाहतंय ते बघणारी सोनोग्राफी) लागतं. महागडे जेल, स्टेमसेलची पॅकेजं विकणारे हे सांगत नाहीत. ग्रोथ फॅक्टरचं, म्हणजे पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनाचं, एक जेल अमेरिकेत १९९७ मध्ये खरोखर मंजूर झालंय, पण रक्तपुरवठा पुरेसा असलेल्या जखमेसाठीच. आधी रक्त, मेलेली कातडी साफ, पायावरचा भार कमी, मग बाकीचं. वडिलांना उद्या सकाळी व्हॅस्क्युलर सर्जन किंवा डायबेटिक फूट बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. पाय काळा पडला, वास आला किंवा ताप आला तर सकाळचीही वाट बघू नका.

प्रश्न: सिगारेट दहावरून दोनवर आणली, जखमेला चालेल ना?

नाही. शून्य.

प्रश्न: आईला दोन महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला. दात काढायचाय, रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद ठेवू का?

अजिबात नाही! फुग्याने वाहिनी फुगवताना तेच अस्तर खरवडलं जातं. स्टेंटवर ते परत चढेपर्यंत जाळी उघडी, आणि उघड्या धातूवर गुठळी धरते. स्टेंटवरचं औषध आतला मांसल भाग वाढून वाहिनी परत बुजू देत नाही, पण त्याच औषधाने अस्तर चढायलाही वेळ लागतो. म्हणून दोन गोळ्या साधारण सहा महिने, हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर वर्षभर. दात बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच काढता येतो, रक्त दाबून, टाका घालून थांबवतात. कार्डिओलॉजिस्ट आणि डेंटिस्टला एकमेकांशी बोलायला लावा.

प्रश्न: मलाही शुगर आहे. तळव्याची जखम महिन्यापूर्वी भरली. वारीला जाऊ का?

वरून मिटली एवढंच. नवीन कातडी तीन महिन्यांनीही मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपासच ताकद धरते, तुमचा तर एकच महिना झालाय. पाय दाखवा, मग ठरवा. डॉक्टरांनी हो म्हटलं तरी अनवाणी नाही, आणि रोज मुक्कामाला कुणालातरी तळवे बघायला सांगा, तुम्हाला स्वतःला कळणार नाही.