वाचकांचे प्रश्न: बडा शिग्री, एप्रिल आणि तिघे सोलापूरकर

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही जुळे सोलापूरचे तिघे मित्र. दोघांचा मनालीला गिर्यारोहणाचा बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स कोर्स झालाय, तिसऱ्याचा फक्त बेसिक. तिघांनीही गुलमर्गला स्कीइंगचा 14 दिवसांचा कोर्स केलाय आणि नंतर औलीला जाऊन सरावही केलाय. येत्या एप्रिलच्या शेवटी लाहौलमधल्या बडा शिग्री हिमनदीवर स्कीने जायचं, तिथलं एखादं सहा हजार मीटरचं शिखर करायचं आणि स्कीवरच उतरायचं, असा बेत आहे. अटल बोगद्यामुळे आता हे सोपं झालंय असं वाटतं. महिना बरोबर निवडलाय का? पायात स्की असताना हिमनदीवर दोर बांधावा लागतो का? आणि सोलापुरात बर्फ नाही, तर सराव कसा करायचा?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: बेत सुंदर आहे, आणि होण्यासारखाही आहे. पण तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी मी तुम्हालाच एक विचारते. हिमनदीच्या वरच्या टोकाला तुमच्यापैकी एकाचा पाय मोडला, तर तो रस्त्यापर्यंत कसा येणार? याचं उत्तर कागदावर लिहा. माणसं किती, शिखर कोणतं, सामान काय, हे सगळं त्यातूनच ठरतं. मी मनालीत प्रशिक्षक होते तेव्हा प्रत्येक तुकडीला हे लिहायला लावायची. चढाईचा आराखडा सगळे झटपट काढायचे, या प्रश्नापाशी मात्र वर्ग बराच वेळ अडायचा.

बोगद्याचं म्हणाल, तर 9 किलोमीटरचा तो बोगदा 2020 च्या ऑक्टोबरमध्ये खुला झाला आणि लाहौलमधलं सिस्सू गाव बारमाही मनालीला जोडलं गेलं. बडा शिग्री मात्र होती तिथंच आहे. सिस्सूहून कोकसर, पुढे ग्राम्फू, आणि ग्राम्फूपासून छत्रू, बातलमार्गे कुंझुम खिंडीकडे जाणारा रस्ता. हा रस्ता मे-जूनपर्यंत बर्फाखाली असतो. ग्राम्फू ते बातल अंतर सुमारे 50 किलोमीटर. जुलैत जीपने अर्ध्या दिवसात होणारा हा पट्टा एप्रिलमध्ये पाठीवर ओझं घेऊन, स्कीला स्किन, म्हणजे चढताना मागे घसरू न देणारी पट्टी, लावून तीन-चार दिवस चालायचा आहे, तोही चंद्रा नदीच्या अशा दरीतून जिथे दोन्ही बाजूंच्या घळींमधून हिमस्खलनं थेट रस्त्यावर उतरतात. तुमच्या मोहिमेतला एक मोठा धोका हिमनदीवर पाऊल टाकण्याआधीच आहे. त्या घळी पहाटेच ओलांडायच्या, एकेकाने, मध्ये न थांबता.

आता मदतीचा हिशेब करू. ग्राम्फूच्या पुढे मोबाइलच्या भरवशावर राहता येत नाही. सॅटेलाइट फोन, तसंच उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं, दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आपल्या देशात वापरता येत नाहीत. अशी यंत्रं जवळ सापडली म्हणून पर्यटकांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तेव्हा परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवून गुपचूप सॅकमध्ये टाकायचा विचार असेल तर तो सोडा. परवानगीसाठी रीतसर अर्ज करा, मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर मदत मागायला कुणालातरी स्कीवरून कोकसरपर्यंत यावं लागेल. त्याला दोन-तीन दिवस, त्यानंतर प्रशासनामार्फत हेलिकॉप्टरची विनंती, आणि मग आकाश उघडण्याची वाट. थोडक्यात, पाय मोडल्यापासून चार-पाच दिवस तुमचा दवाखाना, तुमची रुग्णवाहिका आणि तुमचा स्वयंपाकी तुम्हीच.

स्कीने डोंगर चढण्याबद्दल जे वाचायला मिळतं, त्यातलं बहुतेक आल्प्समधलं असतं. शामोनी ते झरमॅट या प्रसिद्ध मार्गावर रोज संध्याकाळी गरम जेवण देणारा मुक्कामाचा निवारा (हट) असतो, हिमस्खलनाचा इशारा रोज मिळतो, फोन केला की हेलिकॉप्टर येतं. ते वेळापत्रक आणि ती हलकी सॅक लाहौलला लागू पडत नाही. आपल्याकडे डीजीआरई (पूर्वीची सासे) ही संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचा इशारा देते आणि निघण्याआधी तो बघायलाच हवा. पण तो जिल्ह्याच्या पातळीवरचा असतो. तुम्ही ज्या उतारावर उभे आहात त्याबद्दल तुम्हालाच ठरवायचं असतं.

म्हणून तिघांनी जाऊ नका. किमान चौघे हवेत. एक जखमी झाला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघे मदतीला निघतात. हिमनदीवर कुणीही एकटा पडत नाही. तिघांत हे जमत नाही. सहा जण मिळाले तर मला अधिक बरं वाटेल, पण सहावा माणूस केवळ संख्येसाठी घेऊ नका. उतरताना वेग सगळ्यात कच्च्या माणसाचाच असतो. गुलमर्गचा कोर्स चांगला आहे, मात्र तिथे दाबून सपाट केलेल्या उतारावर, पाठ मोकळी ठेवून वळणं शिकवतात. पाठीवर 15 किलो, पायाखाली कवच धरलेला आणि मध्येच फुटणारा बर्फ, आणि 5,500 मीटरवरची हवा, जिचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो, अशा वेळी हवं तिथे थांबता येतं का? 35 अंशांच्या उतारावर आडवं घसरत खाली येता येतं का? उभ्या जागी एकेक स्की उचलून उलट दिशेला वळवायचा किक टर्न घेता येतो का? चौघांनाही हे जमत असेल तरच शिखराचं नाव काढा.

महिना बरोबर आहे. एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य. हिवाळ्यात खालचे थर भुसभुशीत आणि दगाबाज असतात. वसंतात वरचं पाणी झिरपत खालपर्यंत जातं. पहिल्यांदा असं भिजताना बर्फ फार धोकादायक असतो, पण रोज रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं असं काही दिवस चाललं की तो एकजीव होतो. मात्र तारखेपेक्षा घड्याळ महत्त्वाचं, आणि घड्याळापेक्षा रात्रीचं आकाश. रात्र निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता आकाशात टाकून दगडासारखा गोठतो. ढग असतील तर नीट गोठत नाही, तंबूबाहेर थंडी वाजली तरी. मध्यरात्री उठून बर्फावर टाच आपटा. टाच आत गेली तर परत झोपा, त्या दिवशी शिखर नाही. कडक लागला तर एक-दीडला निघा. आणि आपण साधारण 32 अक्षांशावर आहोत, आल्प्स 46 वर, त्यामुळे आपल्याकडे ऊन लवकर चढतं आणि जास्त जाळतं. पूर्वेचे उतार आधी सुटतात, मग दक्षिणेचे, मग पश्चिमेचे. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडू लागले, किंवा बूट घोट्याच्या वर रुतू लागला, की तिथून निघायची वेळ झाली. मी नऊची वेळ देते. नऊला जिथे असाल तिथून परत, शिखर समोर दिसत असलं तरी. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारं पाऊस-बर्फाचं वादळ, मेमध्येही येतो. नवा बर्फ पडला तर किमान दोन दिवस तंबूत काढा. तेवढं अन्न आणि इंधन आधीच हिशेबात धरा, नाहीतर रिकामा डबा तुम्हाला बाहेर ढकलतो.

दोर. हो, बांधायचा. उन्हाळ्यात आपल्याकडच्या काळ्या रानाला भेगा पडतात. त्यावर पाचट पसरलं की भेग दिसत नाही, पाय मात्र आत जातो. हिमनदीचं तसंच आहे, फक्त भेग वीस-तीस मीटर खोल असू शकते. वसंताचा फायदा हा की भेगांवरचे बर्फाचे पूल हिवाळाभर जाड झालेले असतात आणि स्कीमुळे वजन लांबीवर पसरतं. म्हणूनच सप्टेंबरपेक्षा हा काळ बरा. पण तेच पूल दुपारी मऊ होतात. चढताना दोघांत 12 ते 15 मीटर अंतर ठेवा, दोर ताठ असू द्या, हातात वेटोळी धरून चालू नका, काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा. फक्त दोघे एका दोरावर असाल तर मध्ये गाठी मारा, त्या पुलाच्या कडेत रुततात आणि पडणाऱ्याला धरायला मदत करतात. उतरताना दोरावर स्की करणं अवघड आणि कंटाळवाणं असतं, म्हणून लोक तो सोडतात. सकाळी चढलेल्याच रेषेवरून, बर्फ अजून कडक असताना, मी ते चालवून घेईन. भेगाळ पट्ट्यात मात्र नाही. हार्नेस दिवसभर अंगावर हवा, आणि दोर एकाच सॅकमध्ये नको. दोर घेऊन पुढे गेलेलाच भेगेत पडला तर वरचे रिकाम्या हातांनी बघत राहतात. दोन दोर दोघांकडे द्या, त्यातला एक सगळ्यात मागे असणाऱ्याकडे. तंबूची जागाही आधी प्रोबने, म्हणजे बर्फात खुपसायच्या लांब सळईने, टोचून बघा, तोपर्यंत कुणी दोर सोडायचा नाही.

आणि आता सोलापूर. बर्फ सोडून सगळ्याचा सराव इथे होतो, आणि मला हा भाग मनापासून आवडतो. एप्रिलमध्ये आपल्या भागात मोठ्या बांधीव विहिरी कोरड्या पडतात. ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी घ्या, उघडी, रुंद, पायऱ्यांची विहीर निवडा. अरुंद आणि झाकलेल्या विहिरीत हवा खराब असते, तिथे उतरू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये घालून चाकांना दगड लावा आणि त्याला दोर बांधा. पडणाऱ्याला स्वतंत्र दुसरा दोर हवाच. मग एकाला खाली लटकवून वरच्या दोघांनी त्याला पुलीने, तीनास एकच्या (ओढ तिप्पट करणाऱ्या) जुळणीने, बाहेर काढा. दोर काठाला कसा घासतो, अडकतो आणि काठाखाली काठी सरकवल्यावर किती फरक पडतो, ते हाताला कळलं पाहिजे. अंधारात करा, हातमोजे घालून करा. खालच्यानेही प्रुसिकच्या, म्हणजे दोरावर सरकवता येणाऱ्या पण वजन पडलं की घट्ट बसणाऱ्या, गाठींवर स्वतः वर यायचा सराव करायचा.

बीकन, म्हणजे गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ यंत्र, त्याच्या सरावासाठी ज्वारी काढल्यानंतरची कडब्याची गंजी उत्तम. बीकन पिशवीत घालून चौथ्याने लपवायचं, बाकीच्यांनी शोधून, प्रोबने टोचून, उपसून काढायचं. हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तरच जगण्याची आशा मोठी असते, नंतर ती झपाट्याने उतरते. त्या वेळेत खणणंच सगळ्यात जास्त मिनिटं खातं. म्हणून धातूचं फावडं घ्या, प्लास्टिकचं नको, आणि वाळलेल्या रानात खरोखर खणून बघा. शिवाय दोन स्कींची घसरगाडी बांधून त्यावर मित्राला ओढत शेताचं एक टोक ते दुसरं टोक न्या. मोडलेल्या पायाच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल.

दमासाठी पार्क स्टेडियमच्या पायऱ्या, पहाटे पाचला, सॅकसह. चढण्याइतकंच उतरणंही मोजा, स्कीला मांड्या उतरतानाच्या लागतात. महिन्यातून एकदा कळसूबाई, जमलं तर एका दिवसात दोनदा.

खाण्यात आपण सोलापूरकर नशीबवान. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी: पाणी नाही, खराब होत नाही, गोठत नाही, आणि शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी. बरोबर गूळ. कापूस मात्र घरीच ठेवा. आपल्या चादरीचा आणि टॉवेलचा मला अभिमान आहे, पण घामाने भिजलेलं सुती कापड वर वाळत नाही आणि अंग गार पाडतं. बर्फ वितळवून माणशी रोज चार लिटर पाणी करावं लागेल. त्याचं इंधन रेल्वेतही नेता येत नाही, विमानातही नाही, मनालीत घ्या. स्की भाड्याने चालतील, बूट स्वतःचे आणि वापरून पायाला बसलेले हवेत. परवानगीसाठी दिल्लीच्या इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनकडे हिवाळ्यातच अर्ज करा.

आता माझं मत स्पष्ट सांगते. या एप्रिलला बडा शिग्री नको. चौथा माणूस घेऊन सोलंगच्या वरच्या फ्रेंडशिप शिखरावर जा. 5,289 मीटर, हिमनदी आहे, भेगा आहेत, हिमस्खलनाचे उतार आहेत, त्यामुळे हलकं समजू नका. पण वरून निघालं तर त्याच दिवशी धुंदीच्या रस्त्यावर पोचता येतं. तिथे सगळे नियम बडा शिग्रीचेच पाळा, नऊला परत फिरण्यासकट. चौघांचं जमलं, कुणी कुणावर चिडलं नाही आणि परत फिरायचा निर्णय वादाशिवाय झाला, तर पुढच्या वसंतात बडा शिग्रीचा नकाशा घेऊन माझ्याकडे या. आपण एकत्र बसून रोजचे मुक्काम आखू.

प्रश्न: ताई, माझा मुलगा अशा मोहिमांना जातो. ‘फोन लागणार नाही, काळजी करू नको’ एवढंच सांगून निघतो. मी त्याला अडवत नाही, पण मागे राहून मी करायचं तरी काय?
– एक आई, अक्कलकोट

उत्तर: तुम्ही अडवत नाही, हे मोठं आहे. आता त्याच्याकडून निघण्याआधी एक कागद लिहून घ्या, आणि तो दिल्याशिवाय पिशवी उचलू देऊ नका. त्यावर मार्ग, प्रत्येक मुक्कामाची जागा, बरोबरच्या प्रत्येकाचं नाव, रक्तगट आणि घरचा नंबर, तंबूचा रंग, मनालीतल्या गाडीवाल्याचा नंबर. आणि दोन तारखा: परत यायची एक, आणि फोन नाही आला तर तुम्ही हालचाल सुरू करायची दुसरी. या दोन्हींमध्ये खराब हवामानाचे तीन-चार दिवस त्यानेच धरलेले असावेत. पहिली तारीख टळली तर घाबरायचं कारण नाही. दुसरी टळली तर संकोच करायचा नाही. त्या जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा आणि पोलिसांचा नंबर त्याच कागदावर त्यानेच लिहायचा, आणि निघण्याआधी तुमच्यासमोर एकदा लावून बघायचा. हिंदीत बोलायची सवय नसेल तर काय सांगायचं तेही दोन ओळींत लिहून घ्या. कागदाची एक प्रत शेजारी द्या.